गंजलेल्या तलवारीचे मनोगत

निबंधाच्या वह्या तपासताना दर वर्षी मला एक तलवार भेटते. ती वाड्याच्या अडगळीत किंवा वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड पडलेली असते. अंगावर गंज चढलेला, आणि तोंडी एकच रडगाणे: आता मला कोण विचारतो! मग ती धन्याचे पराक्रम सांगते, एखादा शाळकरी मुलगा तिला नमस्कार करतो, आणि तिचे समाधान होते. लातुरात मास्तरकी करताना अशा कित्येक तलवारींना मी १० पैकी ७ गुण दिले आहेत. ‘आत्मवृत्त’ हा वाङ्मयप्रकार आहे आणि तो पारखून घ्यावा, असे आपणा मास्तरांच्या मनातही येत नाही.

तलवार बोलते याला माझी हरकत नाही. फिनलंडच्या ‘कालेवाला’ महाकाव्यात कुल्लेर्वोने विचारल्यावर त्याची तलवार बोलतेच. पण निष्पापांचेही रक्त आपण प्यालो आहोत, हे ती लपवीत नाही. आमच्या निबंधातली तलवार एवढीच गोष्ट सांगत नाही. तिची सारी किंमत धन्याकडून उसनी आणलेली. तो गेला की ती पोरकी, आणि कुणी वाखाणले की पुन्हा थोर!

महाभारतकार याहून फार पुढचे. मौसलपर्वात गांडीवाला दोरी चढविताना अर्जुनाची दमछाक होते, अस्त्रे आठवेनाशी होतात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी ते धनुष्य परत मागतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. गांडीव एक अक्षर बोलत नाही. तरी त्याचे म्हातारपण आपल्याला कळते.

आमच्या मराठवाड्याच्या जवळचे उदाहरण मुलूखमैदान तोफेचे. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ साली विजापूरला गेली. तिचे तोंड म्हणजे हत्तीला जबड्यात धरलेले हिंस्र श्वापद. या रणधुरंधर तोफेवर १८५४ साली लिलावात बोली लागली ती १५० रुपयांची! सौदा पुढे रद्द झाला, ते असो. पण त्या घटकेला तिच्या मनात काय आले असेल? मानहानीने ती खचली असेल, की वितळून घंटा किंवा घागर होण्याची तिला आशा वाटली असेल? कादंबरीकाराने थांबावे ते इथे.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने आत्मवृत्त लिहिले, ते ठासणीच्या बंदुकीचे. १९४८ च्या रझाकारी धामधुमीत वाजलेली ती बंदूक माळवदाखाली तुळईआड पडून असते. दसऱ्याला तिला खाली काढतात, तेल लावतात, हळदकुंकू वाहतात, आणि ती थरथरते. पुन्हा कुणी दारू ठासणार की काय, या भयाने. पूजा आटोपून परत वर ठेवली की तिचा जीव भांड्यात पडतो.

मी तांबड्या शाईने शेरा मारला, ‘शेवट चुकला. बंदुकीला अभिमान वाटावयास हवा होता.’ गुण दिले ४.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा ती वही मी मागवली. ती केव्हाच रद्दीत गेली होती.