व्यसनमुक्तीची व्याख्या आणि मोजमाप : 'एकच प्याला'च्या संदर्भात

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकर दारूकडे का वळतो, या प्रश्नाची चर्चा मराठी समीक्षेने पुष्कळ केली. तो दारू सोडतो तेव्हा नेमके काय घडते, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. व्यसनमुक्ती म्हणजे काय आणि ती मोजावयाची कशाने, या विषयी अलीकडे झालेल्या वैद्यकीय विचाराच्या प्रकाशात नाटकातील तो भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे.

२००७ साली अमेरिकेतील बेटी फोर्ड इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञगटाने व्यसनमुक्तीचे तीन घटक सांगितले : संपूर्ण वर्ज्यता, वैयक्तिक आरोग्य आणि नागरिकत्व. वर्ज्यतेला त्यांनी काळाची पट्टी लावली. एक महिना ते एक वर्ष ही प्रारंभिक, एक ते पाच वर्षे ही टिकलेली आणि पाच वर्षांपुढे स्थिर. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणाने वेगळी वाट धरली. पिण्याची ओढ हा निकष वगळता विकाराचे इतर निकष किमान तीन महिने आढळले नाहीत, की तेथे विकार शमला असे मानले जाते. एकही घोट न घेणे ही तेथे अट नाही.

गडकऱ्यांच्या नाटकाचे नावच पहिली बाजू घेते. एका प्याल्याने आरंभ होतो आणि एकाच प्याल्याने सर्व पुन्हा हातचे जाते. सुधाकराची मुक्ती ही शपथ आहे, आणि शपथ एकतर पाळली जाते किंवा मोडते. तिला मधल्या पायऱ्या नसतात. परंतु नाटकातील घटना नाटकातील उपदेशाहून अधिक सांगतात (गडकऱ्यांच्या बाबतीत हे अनेकदा घडते). दारू सोडण्याचा निर्धार करून सुधाकर कामधंदा शोधावयास जातो. न्यायालयातील अपमानानंतर प्याल्याकडे वळलेल्या या वकिलाची आता दारूबाज म्हणून हेटाळणी होते, आणि तो पुन्हा पितो. पहिल्या प्याल्याला तळीराम लागला. या प्याल्याला सभ्य माणसे पुरली.

बेटी फोर्ड गटाच्या व्याख्येत नागरिकत्व म्हणजे सभोवतालच्या लोकांविषयी आदर बाळगून जगणे. ही अपेक्षा योग्यच आहे; पण ती एकाच दिशेने जाते. सभोवतालच्या लोकांनी व्यसन सोडलेल्या माणसाला कसे वागवावे, याविषयी व्याख्या मौन पाळते. परिणामी सुधाकराला नाकारलेले काम मोजणीत त्याचीच उणीव ठरते आणि समाजाचा नकार रुग्णाच्या खाती जमा होतो. अमेरिकेच्याच 'साम्सा' या शासकीय संस्थेने २०१२ साली आरोग्य, घर, जीवनहेतू आणि समुदाय असे चार आधार सांगितले. सुधाकराची अवस्था समजून घेण्यास ही मांडणी अधिक उपयोगी पडते, कारण तीत रोजगार आणि माणसांचा आधार यांना स्वतंत्र जागा आहे. दिवस मोजणे सोपे असल्यामुळे ते अधिक मोजले जातात, इतकेच.

नाटकाची स्वतःची मर्यादा दिसते ती सिंधूच्या चित्रणात. दळणकांडण करून घर चालविणारी ही स्त्री पतीच्या वागण्याची सर्वांत जवळची साक्षीदार आहे. तरीही तिची निष्ठा त्याच्या पिण्याने घटत नाही आणि सोडण्याने वाढत नाही. त्यामुळे तो कितपत सावरला, हे तिच्याकडून कधीच कळत नाही. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला. घरातील स्त्रीला तेथे स्वतःचा अनुभव बोलून दाखविता येतो. गडकऱ्यांची सिंधू मात्र मृत्युशय्येवरही पतीचा अपराध झाकून घेते, आणि समीक्षेने त्या मौनाला दीर्घकाळ केवळ पातिव्रत्य म्हटले.