‘वज्राघात’ आणि सीमेवरील वाचक

हरि नारायण आपटे यांचे नाव निघाले की आमच्या शाळांतून ‘उषःकाल’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ या दोनच कादंबऱ्यांचा उच्चार होतो. ‘वज्राघाता’ची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी अध्यापकांनी तरी या निवडीचा फेरविचार करावा, असे आम्हांस वाटते.

कारण या कादंबरीचा विषय त्यांच्या अंगणातला आहे. १५६५ साली विजयनगरावर चालून गेलेल्या शाह्यांत बिदरची बरीदशाहीही होती. त्या वेळचा सुलतान अली बरीद याची कबर बिदर शहराबाहेर आजही उभी आहे. म्हणजे येथील वाचक पराभवाची कथा वाचतो ती विजेत्याच्या गावात बसून. पुण्याच्या वाचकाला हे भाग्य, किंवा हा पेच म्हणा, लाभलेला नाही.

आपट्यांनी या युद्धाचे बीज रामराजाने अव्हेरलेल्या मेहेरजानेच्या आणि तिच्या पुत्राच्या, रणमस्तखानाच्या, दुःखात शोधले. ही प्रेमकथा इतिहासाची नव्हे, कादंबरीकाराची. परंतु इतिहासातील रामरायही पूर्वी गोवळकोंड्याच्या चाकरीत होता, आणि पुढे विजापूरकरांस जोडीला घेऊन त्याने अहमदनगरवर स्वारी केली. दोन धर्मांची सरळ झुंज म्हणून हे प्रकरण सांगताच येत नाही. कल्पित कथेच्या वाटेने आपटे या गुंतागुंतीच्या जितके जवळ गेले, तितके त्यांचे पुष्कळसे अनुयायी बखरी उशाशी घेऊनही गेले नाहीत. त्यांनी भुयारे, वेषांतरे आणि घोड्यांच्या टापा तेवढ्या उचलल्या. (आपट्यांचा पाल्हाळही उचलला, हे वेगळे सांगावयास नको.) घरातल्या अन्यायाचा जाब राज्याला द्यावा लागतो, ही दृष्टी मात्र मागे राहिली. ती सामाजिक कादंबरीकाराची दृष्टी होती. यमूचे दुःख लिहिणारा हातच मेहेरजानेकडे वळला होता.

या कादंबरीचा खरा वारसा आम्हांस कानडीत दिसतो. गळगनाथांनी तिच्या आधारे ‘कन्नडिगर कर्मकथे’ रचली. शीर्षकच पाहावे. वज्र वरून कोसळते. ज्याच्यावर ते कोसळले त्याचा दोष असेलच असे नाही. कर्मकथा आपल्याच कृत्यांचा हिशेब मागते. शिवाय ती ‘कन्नडिगां’ची, मराठी वाचकाने शेजारच्या राज्याची म्हणून हळहळत वाचलेली शोककथा तेथे स्वतःची झाली. भाषांतराने मूळ कृती दुबळी होते, असे म्हणणाऱ्यांना या एका शब्दाने उत्तर मिळावे.

निजामी राजवटीत शाळेत उर्दू, बाजारात कानडी आणि घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची पुढची पिढी आज भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत शिकते आहे. तिला दोन्ही पुस्तके मुळातून वाचता येतील. अध्यापकाने दोन्ही शीर्षके फळ्यावर शेजारी लिहावीत आणि विचारावे, विजयनगर कोणाच्या दोषाने बुडाले? अली बरीदाच्या कबरीवरून रोज शाळेत येणाऱ्या मुलाला कदाचित तिसरेच उत्तर सुचेल.