अर्जांचे वाङ्मय

अर्ज हाही एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले तर आमचे टीकाकार मित्र हसतील. पण वर्षानुवर्षे मुलांना अर्जलेखन शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात अर्जच अधिक बोलके वाटले. कारखानदारीच्या वाढीत वाफेच्या यंत्राइतकाच सरकारदरबारच्या अर्जाचाही हात आहे.

1874 सालचा मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाचा अर्ज घ्या. मागणी अशी, की हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरील जकात उठवा. कारण काय? तर हिंदी गरिबाला कापड महाग पडते! काय हा कनवाळूपणा!

पुढच्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या हालांविषयी पार्लमेंटात बोलले. त्यांचा कळवळा खरा होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी तो ज्या लगबगीने उचलून धरला, तिची जात मात्र वेगळी. त्याच 1875 साली संघ काढून बसलेले मुंबईचे मालक म्हणू लागले, हा कायदा म्हणजे मँचेस्टरचा डाव. हे खोटे नव्हते. म्हणून तर ते इतके सोयीचे होते. अखेर 1881 चा कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना मज्जाव, बारापर्यंतच्यांना नऊ तास काम. मोठ्यांच्या तासांना मर्यादाच नाही.

जकातीचे मँचेस्टरने साधले. 1882 साली ती गेली. 1894 साली परत आली, तर 1896 पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के! हा अन्याय उघडच होता. मालकांचे गाऱ्हाणे देशाचे गाऱ्हाणे झाले आणि 1926 साली तो कर रद्द झाला.

या दोन्ही बाजूंच्या कागदांत मजूर सर्वत्र आहे, पण कर्ता म्हणून कुठेच नाही. व्याकरणात बोलायचे तर तो कायम चतुर्थीत, म्हणजे सारे काही 'त्याच्यासाठी'. तो प्रथमेत येतो 1884 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे केलेल्या अर्जात. खाली साडेपाच हजार सह्या. मागण्या पाहा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. माझ्या मते या साऱ्या पत्रव्यवहारातला हाच एक अस्सल लेख. याच्यात कोणी दुसऱ्याच्या नावाने रडत नाही.

पण त्या रविवारासाठी सहा वर्षे गेली. 1890 च्या एप्रिलात मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन बायकाही उभ्या राहून बोलल्या. जूनमध्ये मालकांनी रविवार मान्य केला.