आज्ञापत्रांतील लष्करी खर्चाचा विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ आजवर पुष्कळांनीं वाखाणलें आहे. परंतु वाखाणणारांची दृष्टि बहुधा दुर्ग आणि आरमार या दोन प्रकरणांवरच खिळलेली दिसते. किल्ले कसे राखावे, गलबतें कशीं असावीं, एवढें सांगून ते थांबतात. या किल्ल्यांचा व गलबतांचा पैसा कोणाच्या पदरांतून यावा, हा प्रश्न ग्रंथकारांनींच उपस्थित केला असतां त्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें ग्रंथाचें मर्म तेथेंच आहे.

आपल्या राजनीतिशास्त्रांत राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दण्ड आणि मित्र. हा क्रम यदृच्छेनें आलेला नाहीं. कोशाचें व्यसन मोठें कीं दण्डाचें, या वादांत कौटिल्यानें कोशाकडे कौल दिला. कारण सैन्याचें मूळ कोशांत असतें. जनपद तर त्या दोहोंच्याही आधीं येतो. अमात्यांनीं आरमारास स्वतंत्र राज्यांग मानून जुन्या गणनेंत मोठीच भर घातली, पण क्रम मोडला नाहीं. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावा. त्याच्या मिळकतीवर त्यास सोडूं नये, नाहींतर सावकारांस उपद्रव होऊन बंदरेंच बसतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. रयतेच्या आंबा-फणसांसही तिच्या संमतीवांचून व मोल दिल्यावांचून हात लावूं नये, असें ते बजावतात.

हा कोरा उपदेश नव्हे. १६७१-७२ सालच्या एका यादींत शिवाजी महाराजांनीं किल्ल्यांच्या इमारतींसाठीं १,७५,००० होन नेमल्याचें आढळतें. पैकीं रायगडास ५०,०००, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग यांस प्रत्येकीं १०,०००, म्हणजे राजगड-पुरंदरांच्या बरोबरीनें, सुधागडास ५,०००. आपट्यास आमच्या अंगणांतून कर्नाळ्याचा सुळका रोज दिसतो, म्हणून ग्रामाभिमानानें त्याचें नांव शोधिलें. १६६५ च्या तहांत मोगलांकडे गेलेला व १६७० त परत आलेला हा गड यादींत स्वतंत्र आढळला नाहीं; किरकोळ किल्ल्यांस मिळून ७,००० होन आहेत. अग्रक्रम ठरविणें म्हणजे कोणास तरी थोडें देणें, हें त्या यादीवरून कळतें. चिपळूणकडील लष्करास लिहिलेल्या पत्राचा आशयही हाच: दाणावैरण पावसाळाभर पुरवून खर्च करावी, नाहींतर ती संपतांच शिपाई रयतेच्या घरांत शिरेल.

तथापि ग्रंथांत एक उणीव आहे. सेवेबद्दल भूमि तोडून देऊं नये, असें अमात्य सांगतात. परंतु १६८९ नंतर राजाराम महाराजांच्या काळीं, ज्या वेळीं कारभार त्यांच्याच हातीं होता, वतनें व सरंजाम देऊनच फौज उभी राहिली. स्वतः अमात्यांचें घराणेंही बावड्याचें जहागीरदार झालें. खजिना रिता असतां दुसरा मार्ग कोणता होता, याची चर्चा ग्रंथांत हवी होती. ती नसल्यामुळें उपदेश शुद्ध राहिला, पण व्यवहारास अपुरा पडला. कोश आणि दण्ड यांची अशी फारकत झाल्यावर वाट कोठवर जाते, तें १८०२ च्या वसईच्या तहानें दाखविलें: २६ लक्षांचा मुलूख पेशव्यांनीं तोडून दिला, आणि त्यावर पोसली गेलेली फौज इंग्रजांची होती.

प्रश्न अजून शिळा झालेला नाहीं. २०२२ सालीं अग्निपथ योजना निघाली. तींत चार वर्षांच्या चाकरीनंतर चतुर्थांशांपर्यंत शिपाई कायम करावयाचे आहेत. वेतन-निवृत्तिवेतनाचा भार आणि शिपायाचा पुढील निर्वाह यांवर त्या वेळीं मोठा वाद झाला. दोन्ही पक्षांनीं आज्ञापत्र चाळावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शिक्षकी करीत असतां जुन्या दप्तरांचे रुमाल मींही सोडले. शिक्क्याच्या सनदा तेवढ्या उचलल्या आणि हिशेबाचे बंद बाजूस टाकले. पुढें त्यांस वाळवी लागली. ती चूक माझी. राजाची इच्छा सनदेंत असते, पण ऐपत जमाखर्चांतच सांपडते. ज्यांच्या घरीं असे बंद असतील, त्यांनीं निदान त्यांची यादी तरी करून ठेवावी.