खरा कोण?

लगद्याच्या स्वस्त, लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावर निघणाऱ्या अमेरिकन मासिकांना ‘पल्प’ म्हणत. त्यांतले पुष्कळसे लेखन कागदाबरोबरच विरून गेले. ज्या थोड्या दीर्घकथा उरल्या, त्यांत जॉन कॅम्पबेल यांची ‘हू गोज देअर?’ मानाने बसवावी लागेल. ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या ऑगस्ट १९३८च्या अंकात ती ‘डॉन ए. स्टुअर्ट’ या टोपणनावाने आली. जयंत नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. नाव बाजूला ठेवून कथेची पारख व्हावी म्हणून. कॅम्पबेलांच्या कथेतला प्रश्नही पारख करण्याचाच आहे. फक्त तिथे पारखायची आहेत ती माणसे.

अंटार्क्टिकावरच्या तळावर ३७ माणसे आहेत. दोन कोटी वर्षे बर्फात गोठलेला एक परका जीव ती वितळू देतात. हा जीव ज्याला गिळतो त्याचे रूप, बोलणे, आठवणीसुद्धा उचलतो. मग भय त्या जीवाचे राहत नाही; शेजारच्या खाटेवर निजलेल्या मित्राचे वाटू लागते. ओळख पटवण्याची आपली नेहमीची साधने, चेहरा, भाषा, जुन्या गोष्टी, सगळी एकदम निकामी होतात.

सीमेवरच्या, दोन भाषांच्या गावांत वाढलेल्या वाचकाला इथे अंगावर काटा येईल. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण दोन्हीकडून ऐकलेला असतो. संशय एकदा शिरला की निर्दोष माणसालाही आपले निर्दोषपण दाखवता येत नाही, हे कॅम्पबेलांनी नेमके पकडले आहे.

तोडगाही बुद्धिमान आहे. या जीवाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र, स्वार्थी. म्हणून त्याचे रक्त तापल्या तारेपासून पळू पाहील. माणसाचे रक्त पळणार नाही. आणि ही परीक्षा सर्वांना आहे, तळाच्या प्रमुखालाही त्यातून सूट नाही. कथेतला न्याय तो एवढाच, पण मोलाचा.

उणिवाही आहेत. पात्रे पुसट आहेत, स्त्री एकही नाही. मोठी उणीव मात्र वेगळी. भौतिकशास्त्र शिकलेल्या कॅम्पबेलांना प्रत्येक प्रश्नाला उत्तर हवे, म्हणून शेवटी तार निकाल देते. १९५१च्या चित्रपटाने सोंगाची कल्पनाच टाकून दिली. जॉन कार्पेंटर यांनी १९८२च्या ‘द थिंग’मध्ये ती परत आणली, तारेची परीक्षाही ठेवली, पण शेवटी दोन माणसे थंडीत समोरासमोर बसतात, आणि खरा कोण हे कळत नाही.

आपल्या अनुभवाला तो शेवट अधिक जवळचा. गावात तापली तार कुणाच्या हाती नसते. शेजाऱ्यावर विश्वास टाकूनच राहावे लागते. तरीही मूळ दीर्घकथा वाचावी, ती एका गोष्टीसाठी : तिथे दुसऱ्याची परीक्षा मागणाऱ्यालाही स्वतः परीक्षा द्यावी लागते.