‘रेड प्लेन्टी’: किलोवर ठरलेली किंमत

फ्रान्सिस स्पफर्ड यांचं ‘रेड प्लेन्टी’ (२०१०) म्हणजे सोविएत नियोजन संगणकाने सावरायला निघालेल्या गणितज्ञांची गोष्ट, असं म्हटलं जातं. मला हे अपुरं वाटतं.

कांतोरोविच यांनी प्लायवूडच्या यंत्रांवर काम वाटून देण्याचं गणित कसं सोडवलं, तो सुरुवातीचा भाग सुरेख आहे, जरा भाबडाही. पुस्तकाचा कस लागतो तो व्हिस्कोस कारखान्यात. नवं यंत्र मिळावं म्हणून तिथले अधिकारी जुनं मुद्दाम मोडतात. सुधारित मॉडेल उपलब्ध असतं, पण बनवणारा उरलमाश ते द्यायला नाखूश. का? रासायनिक यंत्रांची किंमत वजनावर! सुधारित यंत्र हलकं, म्हणून स्वस्त; म्हणजे उरलमाशचं विक्रीचं टार्गेट बुडालं. (हशा)

हसण्यासारखं आहेच. पण असल्या किमती संगणकात भरल्या तर तो वेगाने चुकेल, एवढंच. कांतोरोविच किंमतच गणितातून काढा म्हणत होते. म्हणजे ती ठरवण्याचा अधिकार सोडा. तो कोणी सोडला नाही. स्पफर्ड हे नेमकं पकडतात.

माझी तक्रार वेगळी आहे. गणितज्ञ, अधिकारी, दलाल यांना प्रकरणं आहेत. त्या यंत्रावर पाळी करणाऱ्या कामगाराला एकही नाही.