चार्ल्स गुडनाइट: हिंमत खरी, पण जमीन कुणाची?

आजचं चरित्र आहे चार्ल्स गुडनाइटचं. लेखक जे. एव्हेट्स हेली, प्रकाशन १९३६ सालचं. अमेरिकेच्या पश्चिमेत वसलेल्या मोठ्या गुरंवाल्यांवरच्या पुस्तकांत याचं नाव वरचं, आणि ते योग्यच आहे. हेली त्याच मुलखातला, गुरांमध्ये वावरलेला माणूस. गुडनाइटच्या उतारवयात त्याच्यासमोर बसून त्यानं आठवणी टिपून घेतल्या. त्यामुळे कळप हाकण्याची पानं वाचताना अक्षरशः नाकात धूळ जाते.

मग तक्रार कशाबद्दल? तर ‘स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस’ या चौकटीबद्दल.

हिंमत होतीच, त्यात वाद नाही. १८३६ साली इलिनॉयमध्ये जन्म, लहानपणीच टेक्सासला. १८६६ साली ऑलिव्हर लव्हिंगला बरोबर घेऊन तो सुमारे २,००० गुरांसह निघाला. पेकोस नदीपर्यंत पोचायला जवळजवळ ८० मैल पाण्याचा थेंब नाही. शेकडो गुरं मेली, बाकीची त्यानं पार नेली. लष्करी गाडीत फेरफार करून वाटेतली स्वयंपाकाची गाडी, म्हणजे ‘चक वॅगन’, बनवली तीही त्यानंच.

पण ही गुरं विकली कुठे? न्यू मेक्सिकोत, फोर्ट समनरला. गिऱ्हाईक कोण? सरकार. सैन्यानं हजारो नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत आणून तिथे डांबलं होतं. त्यांना जगवायचं तर मांस हवं. गुडनाइट आणि लव्हिंगला १२,००० डॉलर मिळाले, तेही सोन्यात. म्हणजे ही बाजारपेठ त्या कैदेतून उभी राहिली होती.

दुसरा टप्पा पालो ड्युरो दरीचा. पाणी आहे, गवत आहे, आणि कडेच कुंपणाचं काम करतात. १८७६ साली गुडनाइटनं इथे १,६०० गुरं उतरवली. पण ही दरी रिकामी कशी झाली? १८७४च्या सप्टेंबरात कर्नल मॅकेन्झीच्या फौजेनं इथल्या कोमांची, कायोवा वगैरे लोकांच्या छावण्या जाळल्या आणि त्यांचे हजाराहून जास्त घोडे गोळ्या घालून मारले. घोडा गेला की शिकार गेली, शिकार गेली की अन्न गेलं. लोक शरण आले, राखीव प्रदेशात गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी गुडनाइट आला.

तिसरी गोष्ट भांडवलाची. १८७७ साली जॉन अडेअर या आयरिश जमीनदाराशी भागीदारी झाली. रँचचं ‘जेए’ हे नावच त्याच्या आद्याक्षरांचं! याच अडेअरनं १८६१ साली आयर्लंडमध्ये, डोनेगलच्या डेरीव्हे भागात, २४४ कुळवाडी माणसांना घरांतून बाहेर काढलं होतं. पुढे ‘जेए’ची जमीन तेरा लाख एकरांच्या वर गेली.

बाजार, जमीन, पैसा. तिन्हींच्या मागे कुणीतरी उठवलेलं, हुसकलेलं आहे. गुडनाइटनं हे सगळं केलं, असं मी म्हणत नाही. फौज त्याची नव्हती, आयर्लंडशी त्याचा संबंध नव्हता. पण चरित्रकाराचं काम हेच की माणसाच्या पायाखाली काय आहे तेही दाखवायचं. हेली गुडनाइटच्या खोगिरावर बसून बघतो, तिथून पायाखालचं कमीच दिसतं.

यासाठी १८७८चा एक प्रसंग जपून वाचा. कोमांचींचा पुढारी क्वाना पार्कर आपली माणसं घेऊन बायसनच्या शिकारीसाठी दरीत आला. बायसन जवळजवळ संपले होते. गुडनाइटनं करार केला: कळपाला हात लावू नका, दर दिवसाआड दोन गुरं देतो. तंटा टळला, पुढे दोघांची मैत्रीही झाली. गुडनाइटचं मन मोठं होतं, असं वाटतं ना? मलाही वाटतं. पण इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हेही विचारा. चारच वर्षांपूर्वी उत्तर उलटं होतं.

पुस्तक जरूर वाचा. फक्त ‘मोकळं कुरण’ असं जिथे जिथे मनात येईल तिथे थांबा, आणि ते मोकळं कुणी केलं हे विचारून मगच पान उलटा.